अण्णांच्या लेन्सची बुरशी

मिहिरने मोबाइलची बॅटरी लावली, लेन्स उजेडासमोर धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. पन्नास वर्षांची काच, पण ना ओरखडा, ना धुळीचा कण, ना तेलाचा डाग. काचेवर जांभळट झाक तेवढी होती, आणि ती अगदी नव्यापासूनची. मिहिरच्या मनात उकळ्या फुटत होत्या. पण गडी तयारीचा. त्याने तोंड पाडलं, जिभेने च्च् केलं आणि मान हलवली.

"काकू, बुरशी आहे हो."

रुक्मिणीकाकू देवापुढे दिवा लावून नुकत्याच आतल्या खोलीत आल्या होत्या. बोटांना तेल लागलेलं, ते पदराला लागू नये म्हणून हात तसाच वर धरून त्या उभ्या राहिल्या.

"बुरशी? काचेला कशी लागेल रे बुरशी?"

"आतून लागते. दमट हवा, बंद कपाट. पाच महिन्यांत कपाट उघडलंच नसेल ना तुम्ही?"

नव्हतं उघडलं. पाच महिन्यांपूर्वी अण्णा टेंबुलकरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि तेव्हापासून पार्ल्याच्या त्या दोन खोल्यांत काकूंना औषधं, चादरी आणि पेज यांपलीकडे काही सुचलेलं नव्हतं. कपाट कसलं उघडताय? पण मिहिरने असं विचारल्यावर त्यांना एकदम अपराध्यासारखं झालं आणि ते चेहऱ्यावर उमटलं. मिहिरला नेमकं तेच हवं होतं.

टण टण.

आवाज पलंगावरून आला. खिडकीशी दवाखान्यासारखा लोखंडी पलंग होता आणि त्यावर उशीला टेकून अण्णा. त्यांचा डावा हात तेवढा चालायचा. त्या हातातली चांदीची अंगठी ते पलंगाच्या कठड्यावर आपटायचे. 'हो' असेल तर एकदा, 'नाही' असेल तर दोनदा. ही युक्ती माणिकची. माणिक म्हणजे अण्णांचं सगळं करायला वाकोल्याहून रोज येणारी बाई. ती पायथ्याशी चादरीची घडी घालत बसली होती.

"काका नाही म्हणतायत," ती म्हणाली.

"कशाला नाही?" काकूंनी विचारलं.

टण टण. टण टण. टण टण.

अण्णांची नजर मिहिरच्या तोंडावरून हलत नव्हती. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस. दर दिवाळीत ही लेन्स स्वतः उघडून, पुसून, पुन्हा बसवायचा. तिच्यात बुरशी आहे की नाही हे त्याला शिकवायला निघालेला हा शिष्य! आणि तेही त्याच्या तोंडावर, त्याला बोलता येत नाही हे बघून. मिहिरने लेन्सला झाकण लावायच्या निमित्ताने मान खाली घातली.

"द्यायची नाही म्हणतायत ते," काकूंनी अर्थ लावला. "फार जीव आहे रे त्यांचा तिच्यावर."

टण. आणि लगेच टण टण.

"हो पण म्हणतायत आणि नाही पण," माणिक म्हणाली. "काका, एक काय ते ठरवा."

अण्णांनी डोळे मिटले. ठरवायचं काय होतं त्यात? द्यायची नाही, हो. बुरशी आहे, नाही. पण दोन गोष्टी एका अंगठीने कशा सांगणार?

मिहिर काकूंना स्वयंपाकघरात घेऊन गेला. आवाज मात्र आतल्या खोलीत जाईल एवढा ठेवला.

"काकू, मला लेन्सचं काही नाही. ती तर फुकट गेलीच. पण ही बुरशी हवेतून पसरते. अण्णांच्या छातीत कफ आहे ना? त्यांच्या उशाशी हे असलं ठेवायचं म्हणजे..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

काकूंचा हात छातीकडे गेला. "अरे देवा. मला दाखव बघू कुठे आहे ती."

त्याने बॅटरी धरली. काकूंनी चष्मा वर करून, खाली करून, जवळून, लांबून बघितलं.

"मला तर काही दिसत नाही रे."

"तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? नाही दिसायचं तुम्हाला. बारीक जाळं असतं. मी नेतो आणि विल्हेवाट लावतो."

त्याने लेन्स बॅगेत सरकवलीच होती. पण काकूंनी ती हळूच परत काढून घेतली.

"आत्ता नको. दिवेलागणीला घरातली वस्तू बाहेर जात नाही. शनिवारी सकाळी ये."

मिहिर तीन वर्षं या घरात येत होता. काकूंनी दिवेलागणीला शेजारणीला विरजणसुद्धा दिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. शनिवार तर शनिवार. जाहिरातीचं शूटिंग सोमवारी होतं.

मिहिरच्या नाहूरच्या घरात काचेचं एक छोटं कपाट होतं, आत दमटपणा शिरू न देणारं. त्यात जुन्या सात लेन्स होत्या. कॅमेरा मात्र नवाकोरा. मध्ये धातूचं एक कडं बसवलं की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढते. कॅमेरा तिला ओळखत नाही, 'लेन्स लावलेली नाही' असं पडद्यावर सांगत राहतो, आणि फोकस हातानेच करावा लागतो. पण फोटो असा येतो की नव्या लेन्सने जन्मात येणार नाही. नवी लेन्स माणसाच्या नाकावरचं छिद्रन् छिद्र दाखवते. जुनी त्याला जरा सांभाळून घेते.

त्या सातांपैकी पाच लेन्सना मिहिरनेच बुरशी लावली होती. तोंडाने. मुलुंडला एका बाईंचा नवरा जाऊन महिना झाला होता. घाटकोपरला दोघी बहिणी वडिलांचं सामान काढायला बसल्या होत्या. बोरिवलीला एका मुलाला खोली रिकामी करायची घाई होती. सगळीकडे तेच. बॅटरी, च्च्, मान हलवणं. "फेकणारच असाल तर मी नेतो, भंगारात तरी जाईल." लोक वर आभार मानायचे. मुलुंडच्या बाईंनी तर पोहे केले होते, आणि यानेही ते दोनदा मागून खाल्ले होते.

अण्णांची लेन्स वेगळी होती. तसल्या बनावटीच्या तीन लेन्स त्याने शोधून शोधून आणल्या, पण एकीलाही ती सर नव्हती. अण्णांनी त्याला हातचं काही न राखता सगळं शिकवलं. उजेड कसा वाचायचा, माणसाला बोलतं कसं करायचं, फोकस डोळ्यांच्या पापणीवर कसा आणायचा. लेन्स मागितली की मात्र मान हलवायचे.

"मागू नकोस रे. तुझ्या बोटांना घाई फार."

फक्त एकदा, एका दुपारसाठी, त्यांनी ती त्याच्या हातात दिली होती. खिडकीत बसून काकू मेथी निवडत होत्या. मिहिरने कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं केलं, लेन्सचं फोकसचं कडं केसभर फिरवलं आणि काकूंची एकेक पापणी मोजता येईल अशी समोर आली. मागची खिडकी विरघळून गेली. असा फोटो त्याने आयुष्यात काढला नव्हता, पुढेही काढला नाही.

तोच फोटो अंधेरीच्या शर्मिष्ठाने पाहिला. ती दागिन्यांच्या जाहिराती करायची. मोबाइलवर तो फोटो तिने मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"हे. मला हे हवंय. सोमवारी हीच लेन्स आण."

"कॉम्प्युटरवर पण करता येतं ना असं."

"केलं तर मला कळतं, यार. लेन्स तुझीच आहे ना?"

"माझीच."

झालं. एकदा 'माझीच' म्हटल्यावर ती आपली करणं भाग होतं. बुधवारी संध्याकाळी पार्ल्याहून घरी जाऊन त्याने कपाटाचा मधला कप्पा मोकळा केला. रात्री जेवताना अण्णांचा कठड्यावर आपटणारा हात एकदा डोळ्यांपुढे आला, नाही असं नाही. पण त्यांना आता तिचा काय उपयोग, असं म्हणून त्याने आणखी एक पोळी वाढून घेतली.

शनिवारी दहाच्या सुमाराला दोन शहाळी घेऊन तो हजर झाला. दार काकूंनीच उघडलं. बुधवारच्या काकू आणि या काकू यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. चेहरा नुसता फुलला होता.

"ये, ये! कालपासून वाट बघतेय तुझी. चपला राहू दे, आधी आत ये."

आतल्या खोलीत अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेजारी स्टुलावर पेजेची वाटी, वर साय धरलेली. माणिक पदराने वारा घालत होती, पण तिचं लक्ष मिहिरकडे होतं.

टेबलावर स्टीलची ताटली होती. ताटलीत पांढरी मलमल आणि मलमलीवर लेन्स. बाहेरून लखलखत होती.

"तुला न्यायची गरजच नाही उरली," काकू म्हणाल्या. "बुरशी काढली मी!"

मिहिरला आधी समजलंच नाही. "काढली म्हणजे?"

"म्हणजे काढली! हे म्हणत होते द्यायची नाही. तू म्हणत होतास बुरशी आहे. मग मी विचार केला, लोणच्याला बुरशी धरली म्हणून आपण बरणी फेकून देतो का? पन्नास वर्षं लोणची घालतेय मी. बुरशीला कोण घाबरतंय!"

"उघडली कशी?"

"माणिकने उघडली. तिचे ते रबरी हातमोजे असतात ना, ते घालून पिरगाळली, बरणीच्या झाकणासारखी. पटकन आली."

"पटकन कुठे काकू? मनगट गेलं माझं," माणिक म्हणाली.

"आतून इतक्या काचा निघाल्या रे! आधी कोमट पाणी, मीठ, लिंबू. मग राख."

"राख?"

"मग? वेंगुर्ल्याला माहेरी कंदिलाच्या काचा मी राखेनेच घासायचे. आरशासारख्या व्हायच्या. इथे चूल कुठली, म्हणून देवापुढच्या उदबत्तीची घेतली. वस्त्रगाळ केली हो, खडा लागायला नको. दोन्ही बाजूंनी घासल्या, आणि मग गॅलरीत दोन वाजेपर्यंत ऊन दाखवलं. उन्हाने कसलीही बुरशी मरते." त्यांनी ताटलीतली एक छोटी डबी उघडून पुढे केली. "हे एक कडं उरलं. कुठलं होतं ते काही आठवेना. पण त्याच्यावाचूनही घट्ट बसलीय. बघ तरी!"

मिहिरने लेन्स उचलली. हातातच किंचित करकरली. बॅटरी लावून त्याने एक डोळा मिटला. या वेळी आत खूप काही होतं. काचेवरची जांभळट झाक पार गेली होती आणि तिच्या जागी गोल गोल बारीक ओरखडे, घासलेल्या तव्यावर असतात तसे. दोन काचांच्या मध्ये पाण्याची वाफ धरलेली. उजेड कमी-जास्त करणाऱ्या पोलादी पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मधली एक काच उलटी बसली होती की काय कोण जाणे.

"काकू, हे काय केलंत तुम्ही!"

ते त्याच्या तोंडून गेलंच. काकूंचा चेहरा खर्रकन उतरला.

"का रे? राहिली का कुठे?"

पलंग करकरला. अण्णांनी मान वळवली होती. कालपासून पहिल्यांदा, असं माणिक नंतर म्हणाली. ते मिहिरकडे बघत होते. आता सांग. एक शब्द होता सांगण्यासारखा. नव्हतीच. बुरशी नव्हतीच, काकू. तो एवढं म्हणाला असता तर काकूंना कळलं असतं की आपण काय केलं, आणि हेही कळलं असतं की कोणामुळे केलं. मिहिरने दोन्हींचा हिशेब मनात चटकन केला. काकूंना काय वाटेल याचा त्यात फारसा भाग नव्हता. त्या उद्या इमारतभर सांगत सुटतील, आणि अण्णांचे जुने शिष्य अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पसरलेत, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"नाही नाही," तो म्हणाला. "नाही राहिली."

"गेली ना सगळी?"

"गेली."

काकू मटकन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. "बघ, आणि ह्यांचा माझ्यावर विश्वासच नाही. काल हौसेने ताटली पुढे धरली, तर घळाघळा रडले. रडले रे! मला वाटलं आनंदाने. मग तोंड जे मिटलंय ते आत्तापर्यंत. पेजेचा घोट नाही. मी म्हटलं, मिहिर येऊ दे, तो जाणता आहे, तोच सांगेल. तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

"मी... काय सांगू?"

"हेच की. बुरशी गेली म्हणून."

मिहिर पलंगाशी गेला. अण्णांच्या गालावर पांढरे खुंट वाढले होते. डोळे लाल होते, पण आता कोरडे. ज्या माणसाने याला पापणीवर फोकस आणायला शिकवलं, त्याच्या पापणीकडे बघायचं धाडस याला होईना. तो उशीकडे बघून म्हणाला,

"अण्णा, बुरशी गेली."

कठडा वाजला नाही.

"असं नको, कॅमेऱ्यावर लावून दाखव," काकू म्हणाल्या. "म्हणजे पटेल त्यांना. त्यांचाच एक फोटो काढ. आयुष्यभर दुसऱ्यांचे काढले, स्वतःचा धड एक नाही."

मिहिरने बॅगेतून कॅमेरा काढला, आपलं जोडणीचं कडं बसवलं, लेन्स चढवली. 'लेन्स लावलेली नाही,' पडद्यावर आलं. रोजचंच होतं ते, पण आज पहिल्यांदा कॅमेऱ्याचं म्हणणं खरं होतं. त्याने अण्णांवर नेम धरला. सगळं दूध. खिडकीचा उजेड चित्रभर सांडलेला आणि त्यात कुठेतरी एक तोंड. त्याने चित्र दहापट मोठं केलं आणि डोळा शोधायला लागला. लेन्सचं कडं फिरवलं तर आत राख कचकचली. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. डोळा काही हाती लागेना. तोंडाचा डावा कोपरा मात्र त्या धुक्यातही हललेला दिसला. हलला आणि वर गेला.

"कसं दिसतंय रे?"

"छान," मिहिर म्हणाला.

काकू उठून पलंगाशी आल्या आणि अण्णांच्या कानाशी वाकल्या.

"ऐकलंत ना? छान दिसतंय म्हणतोय. उगाच रुसला होतात माझ्यावर. अहो, मी काय म्हणते, इतकी वर्षं मागतोय तो, तर आता देऊन टाकू या का त्याला लेन्स? तुमच्याच हाताखाली शिकलाय. देऊ?"

मिहिर म्हणाला, "काकू, राहू दे, कशाला..."

टण.

माणिक वारा घालायची थांबली होती. दुसऱ्या ठोक्याची सगळ्यांनी वाट पाहिली. तो आला नाही.

"हो म्हणाले!" काकू ओरडल्याच. "माणिक, ऐकलंस ना गं? अहो, खरंच देऊ? मिहिरला?"

टण.

मग काय विचारता! काकूंनी लेन्सला हळदकुंकू लावलं, मलमलीत गुंडाळली आणि दोन्ही हातांनी मिहिरच्या ओंजळीत ठेवली. "गुरूने आपण होऊन दिलेली वस्तू आहे. नमस्कार कर त्यांना."

मिहिर वाकला. अण्णांचा डावा हात हळूहळू उचलला गेला आणि त्याच्या डोक्यावर येऊन थांबला. जड होता. बराच वेळ तो तिथेच राहिला, आणि मिहिरला वर बघता आलं नाही. खिशात मोबाइल वाजत होता. शर्मिष्ठाचा असणार. सोमवारचं विचारायला.

माणिकने पेज गरम करून आणली. चमचा तोंडाशी नेला तसा अण्णांनी आ केला. एक चमचा, दुसरा, तिसरा. काकू बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली.

"तुझ्यामुळे जेवले रे आज. तुझे उपकार कसे फेडू?"

मिहिर चपला घालत होता, तेवढ्यात माणिक दारापर्यंत आली आणि कागदाची एक पुडी तिने त्याच्या हातात कोंबली. आत उरलेलं कडं होतं.

"हे तुमचं राहिलं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मागून काकू लगबगीने आल्या. त्यांना काहीतरी सुचलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"अरे, तू म्हणालास ना ती पसरते म्हणून? मग तुझ्या घरच्या लेन्सनाही लागली असेल की. सगळ्या घेऊन ये इकडे. रविवारी ऊनही चांगलं असतं. मी काढून देते, त्यात काय मोठंसं!"

आतल्या खोलीतून कठडा वाजला. एकदाच.